मिस ओपलचा दहावा सत्कार

कलावंताचा सन्मान करणं हे सुसंस्कृत समाजाचं पहिलं लक्षण आहे. अशा समाजांनी मिस ओपलचा नऊ वेळा सन्मान केला होता. त्यामुळे सत्काराचं आमंत्रण घेऊन कोणी आलं, की ती त्याला मध्येच तोडून विचारायची, "ते ठीक आहे. मी गाणार कधी?"

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये आमच्या शेजारच्या घरात ती मुलीकडे राहायची. वय शहाऐंशी, दोन्ही गुडघे बदललेले. सोमवारी सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ओढत नेताना ती अशी गायची, की समोरच्यांचा कुत्रा भुंकायचा थांबे. माझी बायको तिला ओपल मावशी म्हणे. मावशी म्हणजे कोण हे कळल्यावर तिने बायकोला बजावलं, "मग ती बटाट्याची भाजी दर रविवारी आणत जा. नुसत्या हाका मारून नातं होत नाही."

अलाबामातल्या एका चर्चमध्ये ती गायला शिकली, आईबरोबर डेट्रॉइटला आली आणि सतराव्या वर्षी तिची पहिली रेकॉर्ड निघाली. ती काळ्यांच्या वस्तीत, नाणं टाकून गाणी वाजवायच्या ज्यूकबॉक्सवर जोरात चालली. मग तेच गाणं एका गोऱ्या मुलीने गायलं आणि ते देशभर पोचलं. मिस ओपल म्हणायची, "पोरगी वाईट गात नव्हती. श्वाससुद्धा मी घेतले तिथेच घेतले तिने." दक्षिणेतल्या दौऱ्यांत तिला टाळ्या पुढच्या दाराशी मिळत आणि जेवण मागच्या. पुढे तीस वर्षं तिने कारखान्यात गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवली.

म्हातारपणी जगाने तिला शोधून काढलं. सभागृहं भरली, मानपत्रं वाचली गेली, जुनी रेकॉर्ड वाजली. "रेकॉर्डला टाळ्या देतात आणि मला खुर्ची," ती म्हणायची. सगळ्यात मोठं सन्मानचिन्ह ती गरम पातेल्याखाली ठेवायची. बाकीची तेवढी जाड नव्हती.

त्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. सर्जनने स्पष्ट सांगितलं, जीव वाचेल, आवाज नाही. ऑपरेशन मंगळवारी होतं आणि त्याआधीच्या शनिवारी आमच्या मराठी मंडळाची दिवाळी होती. मीच तिला सत्काराला बोलावलं. तिने नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "बरोबर सव्वाचार वाजता. दहा मिनिटं फक्त तुमची."

बुधवारपासून तिने बोलणं बंद केलं. आवाज राखायचा होता. गळ्यात दोरीने एक छोटी वही अडकवली आणि काय हवं-नको ते त्यात लिहू लागली.

कार्यक्रम शाळेच्या सभागृहात होता आणि ते पाचला रिकामं करायचं होतं. दीपप्रज्वलन झालं, प्रायोजकांचे आभार झाले, अध्यक्षांचं मनोगत सुरू झालं. आमचा सेक्रेटरी निखिल कानाशी येऊन म्हणाला, "काका, लेट झालोय यार. मावशींचे टेन मिनिट्स फाइव्ह करू या?" मिस ओपलने वही माझ्यापुढे धरली. तिच्यात लिहिलं होतं, 'स्टेजवरचा हा माझ्याबद्दल बोलतोय? मग मी मेले का?'

मी हसलो. मग तिचा परिचय करून द्यायला उठलो.

मला पाच मिनिटं दिली होती. पण दोन महिने मी त्या काळाबद्दल वाचत होतो, आणि वाचलेलं वाया जाऊ नये अशी माणसाची इच्छा असते. चर्चपासून कारखान्यापर्यंत मी काही सोडलं नाही. बावीस मिनिटं बोललो. त्या गोऱ्या मुलीच्या श्वासांना तर टाळ्याच पडल्या.

शाल-श्रीफळ झालं तेव्हा पाचला दोन मिनिटं होती. मिस ओपलने नारळ माझ्या हातात दिला, माईक घेतला, डोळे मिटले आणि श्वास भरून घेतला. तेवढ्यात शाळेच्या रखवालदाराने सगळे दिवे लावले आणि माईक बंद केला. "सॉरी, फोक्स," तो अगदी सभ्यपणे म्हणाला. लोक बटाटेवड्यांच्या रांगेकडे निघाले, खुर्च्या खडखडल्या. तिने डोळे उघडले तेव्हा समोर पाठी होत्या.

परतताना गाडीत मी म्हणालो, "मिस ओपल, आता गा ना. मी ऐकतोय." तिने वही मांडीवर घेतली. मग लिहिलं, 'तू इतकं छान सांगितलंस. आता काय उरलं?'

सोमवारी तिचा डबा मुलीने ओढत नेला. कुत्रा भुंकत होता.

ऑपरेशन यशस्वी झालं. वही गळ्यातच राहिली. पुढे एकदा भाजी द्यायला गेलो, तर ती आमच्या मंडळाची स्मरणिका चाळत होती. स्वतःच्या फोटोखालच्या मराठी मजकुरावर बोट ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. मी वाचून अर्थ सांगितला : 'त्यांच्या सुरेल गायनाने श्रोते मंत्रमुग्ध झाले.'

तिने लिहिलं, 'कुठलं गाणं?'

मजकूर माझाच होता. कार्यक्रमाच्या दिवशी स्मरणिका दुपारी दोनलाच दारात वाटल्या होत्या.