बटाट्याचं वय

आमचं सेक्शन तेव्हा उत्तरेला, एका नाल्यावरच्या पोस्टवर होतं. दहा जवान, एक सुभेदार साहेब आणि एक कुत्रा. कुत्रा खालच्या गावातून आपणहून चढून आला होता. लंगरमधले, म्हणजे पोस्टच्या स्वयंपाकघरातले, उकडलेले बटाटे खायचा, म्हणून नाव पडलं बटाट्या.

मी आधी काही काळ डॉग युनिटला अटॅच होतो. त्यामुळे कुत्र्याचं काही असलं की हाक मला यायची. माझा बडी, म्हणजे जोडीदार, नाईक सुदाम भोईर अंबरनाथचा, मी बदलापूरचा. तो म्हणायचा, "पाटील, दात बघून वय सांगतोस ना? मग सुभेदार साहेबांचं पण तोंड उघडून बघ एकदा."

एक दिवस साहेबांनी विचारलं, "याचं वय काय? पहाऱ्याला कामाचा असेल तर ठेवू. म्हातारा असेल तर रसद पार्टीबरोबर खाली पाठव."

"तीन वर्षं, साहेब."

"पक्कं?"

"पक्कं, साहेब."

पुढे चौकशीत मी सांगितलं की दातांनी फसवलं. लंगरमधली हाडं चावून त्याचे दात स्वच्छ राहिले होते, हे खरंच. सगळ्यांना पटलं. पण नुसते दात कुणी बघत नाही. मी त्याच्या डोळ्यांतली निळसर झाक बघितली होती. पाठीमागून शिट्टी मारली होती. कान हलला नव्हता. तो दहाच्या पुढचा होता आणि बहिरा होता. खाली बर्फात त्याला कुणी खायला घातलं नसतं. आणि झोपायचा तो माझ्या पायांशी. म्हणून मी तीन म्हणालो.

त्याला नाल्याच्या बाजूला बांधायचं ठरलं. तिकडे उतार आणि झाडी, माणसाला काही दिसायचं नाही. कुत्रा भुंकला की पहाऱ्यावरच्या संत्रीने सावध व्हायचं.

त्या पहाटे दाट धुकं होतं. सुदाम ड्यूटीवर निघाला.

"नाल्याकडे लक्ष ठेव," मी म्हणालो.

"तिकडे बटाट्या आहे ना. मी रस्त्याकडे बघतो."

तेव्हाही सांगता आलं असतं. मी चहाचा मग उचलला.

अतिरेकी नाल्यातूनच वर आले. कुत्रा झोपलेला होता. गोळ्यांचा पहिला बर्स्ट सुदामला लागला. आम्ही फायर दिला, ते धुक्यात पसार झाले. वायरलेस सेटवर मी होतो.

"कॉन्टॅक्ट, नाला साइड. वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कंडिशन? ओव्हर."

साहेबांनी माझ्या हातातून सेट घेतला.

पेन्शनवर आल्यापासून दरवर्षी त्या दिवशी मी अंबरनाथला, सुदामच्या घरी जायचो. वहिनी पोहे करायच्या. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीने, प्राजक्ताने, मी बसतो न बसतो तोच एक कुत्रा पुढे केला.

"काका, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एक सिंधी अंकल आहेत, ते दुबईला चाललेत. त्यांच्याकडून अडॉप्ट केला. बोलले, अडीच वर्षांचा आहे. मी जॉबला गेले की आई एकटी असते, राखणीला पाहिजेच. तुम्ही बघा ना."

दात पांढरेशुभ्र होते. मी डोळे बघितले. मग त्याच्या मागे उभं राहून स्टीलचं झाकण वाजवलं. वहिनी दचकल्या. कुत्रा नाही.

"दहा तरी असेल. ऐकू येत नाही. हा राखण करणार नाही."

"काय बोलता काका! दात बघा की त्याचे."

"दातांचं सांगूनच मी सुटलो होतो," मी म्हणालो, आणि मग उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

प्राजक्ता कुत्र्याचा पट्टा धरून उभी राहिली. वहिनींनी एकच विचारलं, "ह्यांना माहीत होतं?"

"नाही, वहिनी. त्यालाही मी तीनच सांगितलं होतं."

वहिनींनी पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. "खाऊन घ्या, भावजी. आणि पुढच्या वर्षी येऊ नका."

कुत्रा त्यांनी ठेवला. दाराला लोखंडी ग्रिल बसवून घेतली. एवढं प्राजक्ताने फोनवर कळवलं, त्यानंतर फोन नाही.

सुदाम गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. तो दिवस आता मी बदलापूरलाच काढतो. अंधार असताना गॅलरीत जाऊन उभा राहतो, उजाडेपर्यंत. नाईक सुदाम भोईर, अंबरनाथ. एवढंच म्हणतो.