राहून गेलेलं दहाचं कडं

मी नववीतनं शाळा सोडली तेव्हा आत्या म्हणाली, प्रोफेसरच्या पोटी ही कशी निपजली. बाबा म्हणाले, "तिला कंटाळा आला, तिनं सोडली. मला अजून आला नाही, म्हणून मी तिथंच आहे." तेव्हापासून बाबांना कुणी काही बोललं की माझं डोकं फिरतं. फिजिक्स मला कळत नाही. बाबा कळतात, म्हणून लिहितेय.

बाबांचं काम म्हणजे पुष्कळ कण एकत्र आले की काय करतात ते शोधणं. "एक कण असला की गणित सोपं," ते सांगायचे, "दोन असले तरी निभतं. तिसरा आला की घर सुरू होतं."

"तिसरी आली तेव्हा तुम्ही लॅबमध्ये होता," आई आतनं म्हणायची.

"मला लॅब नाहीच गं. माझं सगळं कागदावर."

"तेच म्हणते. कागद सोडून आला नाहीत."

कॉलेजात त्यांची खोली पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. खिडकी नीट लागत नाही, फटीत पुठ्ठा कोंबलेला. एक टेबल, एक फळा, दोन खुर्च्या, त्यातली एक कागदांची. तिथं त्यांनी बावीस वर्षं एकच प्रश्न धरला. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. त्यांना गोल कड्यातल्या जागांवर बसवलं आणि वर दोन जास्तीचे आत सोडले, तर ते दोघं लांब पळतील की जोडीनं राहतील?

एक जागा वाढली की गणित चौपट होतं. बाबांकडं तेव्हा डबडा कॉम्प्युटर होता, म्हणून त्यांनी युक्ती केली. कड्याचे सारखे चार भाग पाडायचे, एका भागाचं गणित करायचं, बाकी तीन फुकट. म्हणून त्यांनी चार जागांचं कडं केलं, मग आठचं, मग बाराचं. सोळाचं करायला नऊ वर्षं लागली. मोठा कॉम्प्युटर दुसऱ्या गावात होता, वर्षातनं दोनदा पाळी मिळायची, आणि एका पाळीला वीजच गेली. चारही कड्यांत उत्तर एकच आलं. ते दोघं जोडीनं राहतात.

"म्हणजे ज्यांचं पटत नाही ते एकत्र राहतात," आई म्हणाली. "यात शोध कसला? मला विचारायचं."

तो पेपर छापून आला, आणि बाबांची ओळख म्हणजे तेवढीच. मला त्याचा कोण अभिमान होता. मी काम करते त्या गॅरेजात गिऱ्हाईकाच्या स्कूटरचा प्लग साफ करता करता मी ते चार आकडे ऐकवायचे.

मग शंकेखोर आली. बाबांकडं पीएचडी करणारी मुलगी. नाव बाबांनीच ठेवलेलं, लाडानं. एका रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन घरी आली.

"सर, तुम्ही दहाचं आणि चौदाचं कडं का नाही केलं?"

"त्याचे चार सारखे भाग पडत नाहीत."

"पण आता भाग न पाडताही होतं, सर."

"मग कर."

"केलं," ती म्हणाली आणि लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. तिच्या दोन्ही कड्यांत ते दोघं एकमेकांपासून लांब पळत होते.

बाबांनी चष्मा पुसून आकडे पुन्हा वाचले. म्हणाले, "प्रोग्रॅममध्ये चूक असेल. मी करून बघतो."

त्यांनी स्वतःचा जुना प्रोग्रॅम उघडला, चार भागांची युक्ती काढून टाकली आणि दहाचं कडं केलं. जेवण झाल्यावर बसले, चहाच्या वेळेला उत्तर आलं. शंकेखोरचं बरोबर होतं.

"चारच्या पाढ्यातली कडीच तशी वागतात," ते मला म्हणाले. "मी त्यांनाच विचारत बसलो. एका दुपारचं काम होतं गं. बावीस वर्षांत एक दुपार."

गाडी असती तर खोलून बघितली असती.

दुसऱ्या दिवशी मी शंकेखोरला कॉलेजच्या जिन्यात गाठलं. "महिन्यावर रिटायरमेंट आलीय त्यांची. ते पान काढ तुझ्या प्रबंधातनं."

"काढते म्हटलं मी त्यांना," ती म्हणाली. "म्हणाले, काढलंस तर सही करणार नाही." आणि तिथंच पायरीवर बसून रडायला लागली. भांडायला गेले होते, तिला पाण्याची बाटली देऊन परत आले.

बाबांनी पेपर छापणाऱ्यांना पत्र लिहिलं, माझी चूक झाली, तशी नोंद छापा. उत्तर आलं की इतक्या जुन्या लेखाची दुरुस्ती आम्ही घेत नाही, हवं तर नवा लेख पाठवा. मग ते विभागप्रमुखांकडं गेले. निरोपाच्या पुस्तिकेत जोडीचा शोध म्हणून दोन पानं होती, ती काढा म्हणाले. विभागप्रमुख हसून म्हणाले, "सर, पुस्तिका छापून आली. आणि खरं सांगू, तो पेपर आता वाचतो कोण?"

हे बाबांनी जेवताना सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. आईनं पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. त्यांच्या ताटात भात वाढला, नको म्हणाले तरी वाढला.

निरोपाला हॉल भरला होता. विभागप्रमुखांनी चार, आठ, बारा, सोळा असं सगळं सांगितलं, अगदी माझ्यासारखं. मग बाबा उठले. खिशातनं कागद काढला, पण वाचला नाही.

"ते उत्तर चूक आहे," ते म्हणाले. "दहाचं कडं मी केलंच नव्हतं. माझ्या या विद्यार्थिनीनं केलं."

मग पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसलं, सगळेच हसले. विभागप्रमुख माईककडं वाकून म्हणाले, "बघा, आमचे सर हे असे. आजही मोठेपणा विद्यार्थ्याला."

"मी गंमत करत नाहीये," बाबा म्हणाले, पण माईक तोवर विभागप्रमुखांकडं गेला होता. टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहून वाजवत होते. आई, शंकेखोर आणि मी, तिघी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. समोरच्या पाठींमुळं बाबा आम्हाला दिसत नव्हते.