मासे बुडून राह्यले

मासा पाण्यात बुडून मरू शकतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तेही ऐन कचेरीत, फोनवर, बायकोकडून, चार लोकांच्या देखत.

सुरुवात माझ्या सौंदर्यदृष्टीपासून झाली. पावसाळ्यात मोताळ्याकडे सासुरवाडीला गेलो होतो. धरणाच्या काठाला, उथळ पाण्यात, केशरी पिल्लांचा घोळका दिसला. नुसत्या सोन्याच्या सुया. मी शहरातला माणूस (बुलढाण्याला आम्ही शहरच म्हणतो), म्हटलं, असे मासे दुकानात जोडीवर विकतात आणि इथं फुकट पडलेत! मेहुण्याला चहाची गाळणी आणायला लावली आणि गुडघाभर पाण्यात उतरलो. खालून दोन मोठे मासे पायाला धडका देत होते. पिल्लांचे आईबाप होते ते, जीव तोडून मला हाकलत होते. मला वाटलं, गुदगुल्या करतायत.

मेहुणा काठावर हसत उभा.

"काऊन हसून राह्यला बे?"

"काही नाही भाऊजी. न्या, न्या. लई शोभेचे हायत."

घरी काचेची पेटी आणि बुडबुडे सोडणारं हवेचं यंत्र आणून त्यांना पुढच्या खोलीत ठेवलं. महिन्याभरात शोभा उतरली. केशरी रंग जाऊन चिखलाचा रंग आला, डोकी सापासारखी चपटी झाली आणि दर सकाळी पेटीत गर्दी कमी दिसू लागली. मी शेजारच्या मांजरावर आळ घेतला. पेटीवर काच ठेवली. मांजराशी आठवडाभर अबोला धरला. तरी गळती सुरूच. शेवटी बायकोनं मला हाताला धरून पेटीसमोर उभं केलं. एका पिल्लाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपूट बाहेर आली होती.

"अवो, ह्या मरळी हायत. धरणाकाठची पोरगी मी, मले पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"सांगू कवा? एसटीत साऱ्यांले सांगत आले तुमी, विलायती मासे हायत म्हणून."

त्या दिवसापासून कारभार तिच्याकडे गेला. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यापासून घरात तिच्या रागाला मी एकटाच उरलो होतो, आणि माझ्यावर रागवून तिचं मन भरत नव्हतं. आता तिला पेटीभर गुन्हेगार मिळाले. तिचा नियम सोपा होता. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, तो वेगळा. थोराड पिल्लं ती टपात काढायची, बारकी पेटीत ठेवायची. उपाशी राहिली की ती एकमेकांना खातात, म्हणून त्यांचं जेवण आधी आणि माझं नंतर. गांडुळं, डासांच्या अळ्या, आठवडी बाजारातले सुके झिंगे भिजवून, बोटांनी कुस्करून. दुपारी मी अचानक घरी आलो तर ती पेटीपुढे बसून त्यांना मुलीच्या परीक्षेचं सांगत असायची. थोराड पिल्लं दिवाळीआधी मेहुण्याच्या शेततळ्यात गेली. उरलेली बोटभर लांबीची, तिनं अळ्या घालघालून जगवलेली. तीही वीतभर झाली की जाणार होती.

दिवाळीनंतर तिच्या चुलतभावाचं लग्न निघालं. जाताना एवढंच सांगून गेली, "झिंगे टाका अन् काच ठेवा, उड्या मारते ते. दुसरं काही करू नका."

दुसरं काही करू नका, हे वाक्य मला आयुष्यात कुणी सांगितलं नाही असं झालेलं नाही.

ती गेली आणि नळ आला. आमच्याकडे नळ येतो तेव्हा सणच असतो. पुन्हा कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून माणूस दिसेल ते भरतो. हंडे भरले, बादल्या भरल्या, पातेली भरली, कुकर भरला, चहाची किटलीसुद्धा भरली. अशा वेळी रिकामी जागा बघवत नाही. आणि पुढच्या खोलीत पेटी चार बोटं रिकामी! कुकरकडे पाहिलं होतं त्याच नजरेनं मी तिच्याकडे पाहिलं. काठोकाठ भरली. वर काच चपखल बसवली, पाणी काचेला टेकलं. उडी मारून काच सरकवू नये म्हणून वर वरवंटा ठेवला आणि समाधानानं कचेरीत गेलो.

दुपारी तिचा फोन आला.

"नळ आला होता काय?"

"आला ना. सारं भरलं. किटली बी."

"अन् पेटी?"

"तीही. एक थेंब मावत नाही आता. वर वरवंटा ठेवला."

पलीकडे नुसता लग्नाचा बँड वाजत राहिला. मग ती म्हणाली, "अवो, त्यायले वर येऊन हवा घ्यावी लागते. तोंड बाहेर काढाले जागा ठेवली काय? बुडून मरतीन ते!"

मी हसलो. "मासे कुठं बुडतात होय?"

"मरळ बुडते!" तिचा आवाज फुटला. मुलीला स्टँडवर सोडलं त्या दिवशी फुटला होता, तसा.

माझं हसू जागच्या जागी मेलं. साहेबांच्या टेबलापाशी गेलो. "साहेब, घरी जाऊ का? मासे बुडून राह्यले."

साहेबांनी चष्मा काढला. "पाण्यात?"

"हो साहेब."

"जा. अन् येता येता डॉक्टरले दाखवून या. मासे नाही, तुमाले."

गाडीवर सगळा रस्ता मी थापा रचत होतो. लाईट गेली म्हणावं, मांजर म्हणावं. पण ज्या बाईला प्रत्येक पिल्लाची खोड ठाऊक, तिला काय सांगणार? कुलूप उघडून आत धावलो. पेटीच्या तळाशी कुणीच नव्हतं.

मग वर पाहिलं. हवेच्या यंत्राचे बुडबुडे काचेखाली अडकून तिथं तळहाताएवढा चपटा फुगा साठला होता. सारी पिल्लं त्या फुग्याखाली. एक तोंड लावायचं, घोट घ्यायचं, मागे सरायचं. दुसरं पुढे यायचं. एरवी एकमेकांना गिळणारे हे दरोडेखोर टँकरपुढच्या रांगेसारखे निमूट उभे होते. आमच्या गल्लीत तरी इतकी शिस्त मी पाहिलेली नाही.

काच काढली. पाणी उपसायला भांडं शोधलं, तर घरात रिकामं भांडंच नाही! सकाळी मीच भरून ठेवलेली. डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि त्यानं उपसून पाणी खिडकीबाहेरच्या कढीपत्त्याला घातलं. चार बोटं पाणी उतरलं तशी पिल्लं वर येऊन चुप् चुप् आवाज करू लागली. मी ओल्या फरशीवर बसकण मारली आणि त्यांच्याबरोबर श्वास घेतला.

व्हिडिओवर तिला फोन लावला. अंगावर शालू, डोळ्यांतलं काजळ गालावर आलेलं.

"तुमी बाजूले व्हा. मले त्यायले पाहू द्या."

मी बाजूला झालो. ती पडद्यावर बोट फिरवून एकेक मोजत असावी, कारण तिचे ओठ हलत होते. मग तिनं पदरानं गाल पुसले.

"सारे हायत," ती म्हणाली. "जेवले काय तुमी?"

"नाही."

"मंग जेवा. आधी त्यायले टाका."

मी दोन्ही आज्ञा त्याच क्रमानं पाळल्या.