खांदशेकणीच्या दिवशी

देव खरंच ऐकतो का, असं तुम्ही नातवंडं फोनवर विचारता तेव्हा मी विषय बदलते. कारण एका वर्षी श्रावण संपत आला असताना माझाच त्याच्यावरचा विश्वास डळमळला होता, आणि त्याला निमित्त झाली तुमची दर्यापूरची अंकिता. माझ्या धाकट्या दिराची ही नात कॉलेजसाठी अमरावतीला माझ्याकडे राहायची. तिला ट्रायथलॉनचं वेड लागलं होतं, म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं, आणि मध्ये कुठेही बसायचं नाही. विद्यापीठाचा संघ निवडायची स्पर्धा अकोल्याला होती, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तिच्या घरचा मागच्या हंगामातला कापूस बोंडअळीनं खाल्ला होता आणि यंदा पाऊस रुसला होता. तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं की विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर शिक, नाहीतर घरी ये, मग बघू पुढचं. हे पुढचं म्हणजे लग्न, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

माझं घर कसं लख्ख असतं ते तुम्हाला माहीत आहे. त्या घरात, बैठकीतल्या पांढऱ्या फरशीवर तिची चिखलाची सायकल उभी असायची. पोहण्याची ओली टोपी देवघरातल्या खुंटीवर, जिथे माझी जपमाळ असते तिथे. तेही मी सोसलं. पण पोहून पोहून तिचा उजवा खांदा सुजला होता. डॉक्टर म्हणाले विश्रांती घे. तिचे खेळाचे सरही म्हणाले, जी ताकद कमवायची ती कमवून झाली, आता अंग मोकळं ठेव. ही मात्र पहाटे उठून तलावावर जायची.

"काहून अडवून राहिली व आजी? बाकीच्या पोरी पोहून राहिल्या असतील."

"बाकीच्या पोरींचा खांदा सुजलेला नाही."

"तुले काय मालूम? त्यायचाही सुजला असंल."

स्पर्धेला दोन दिवस उरले असताना मी सकाळी देवापुढे दिवा लावला आणि चक्क रागावूनच म्हटलं की या मुलीला जिंकव असं मी म्हणत नाही, पण थोडी अक्कल दे, आणि दुपारपर्यंत दे, तुझ्या सवडीनं नको. पूजा आटोपून बाहेर आले तर बैठकीतली सायकल गायब.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "तुमची पोरगी आमच्या गोठ्यात हाय, दर्यापूर रोडले. घाबरू नोका. हात उचलत नाई म्हनते." मी ऑटो केला आणि वाटभर तिला काय काय ऐकवायचं याची जुळवाजुळव करत गेले.

गोठ्यात एक म्हातारे मुसलमान चाचा आपल्या बैलजोडीचे खांदे शेकत होते. दुसऱ्या दिवशी पोळा होता ना. आपल्या वऱ्हाडात ज्याच्या दारी बैल, तो कोणाही धर्माचा असो, पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळद कोमट करून, पळसाच्या पानानं बैलाचा खांदा शेकतो आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतो. चाची चुलीजवळ तूप कोमट करत होत्या. अंकिता गव्हाणीच्या कडेला दुखरा हात धरून बसली होती, पण नजर सायकलवर.

"खांदा थोडा मोकळा झाला ना, का जाईन मी अजून," ती म्हणाली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चाचा तिच्याकडे न बघताच बोलले. "बेटा, आज खांदशेकणी हाय. पोळा सरेपर्यंत यायच्या खांद्यावर कोनी जू ठेवत नाई. किती का काम अडंना. तू शेतकऱ्याची ना?"

"हो."

"मंग तुया बापानं शिकवलं नाई काय तुले?"

शिकवलं होतं. लहानपणी तिनं स्वतः वाटी धरून बैलांचे खांदे शेकले होते. ती हळूच म्हणाली, "पन मी थांबली आन् मांगं पडली त?"

चाची हसल्या. "हे बैल असं इचारते काय? यायले भरोसा हाय, का ज्यानं जू उतरवलं थो पाहून घेईन." आणि वाटीत उरलेलं कोमट तूप पळसाच्या पानावर घेऊन त्यांनी तिचा खांदा शेकायला सुरुवात केली. डॉक्टरांचं, सरांचं, माझं काही न ऐकणाऱ्या त्या मुलीनं बाही वर सरकवून खांदा पुढे केला. थोड्या वेळानं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी वाटेत जुळवलेलं सगळं तसंच गिळलं. निघताना चाचांनी बैलांना आवतण दिलं आणि त्याच सुरात आम्हालाही.

ती त्या संध्याकाळी जी झोपली ती सकाळी उन्हं आल्यावर उठली. पोळ्याच्या दिवशी आम्ही चाचींकडे पुरणपोळी जेवलो. सरांनी सांगितलेल्या आहारात पुरणपोळी नव्हती, पण मी तिच्या पोळीवर आणखी तूप वाढलं. अकोल्याला ती पाण्यातून बाहेर आली तेव्हा पुष्कळ मुली पुढे गेल्या होत्या. मी डोळे मिटून काठावर बसले. काही मागावं असं मनात आलं, पण शब्दच सुचले नाहीत. सायकलीवर तिनं बऱ्याच जणींना गाठलं, धावताना आणखी काहींना, आणि संघातली शेवटची जागा तिला मिळाली.

परतताना तिनं गोठ्यात जाऊन शर्यत पुरी केल्याचं पदक बैलाच्या शिंगात अडकवलं. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. बैलानं मान झटकली आणि पदक शेणात पडलं. धुतलं कोणी, तर मीच.

तो फोन देवानं करवला का, यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. मी अक्कल मागितली होती. आली ती तुपा-हळदीच्या वाटीतून, आणि थोडी माझ्याही वाट्याला आली. देवाला वेळ ठरवून देणारी मीसुद्धा खांद्यावर जू घेऊनच हात जोडत होते. आता दिवा लावल्यावर काही न मागता थोडा वेळ नुसती बसते. चाचा-चाचींची आठवण येते आणि मन भरून येतं. पदक देवघरातल्या त्याच खुंटीवर आहे. जपमाळेला मी दुसरी जागा शोधली.