आज रविवार हाय का?

आमच्या बोईसरच्या कारखान्यात पिंपं तोलायच्या काट्यावर तो दर सोमवारी सकाळी स्वतःच चढायचा. माझ्याच खात्यातला, दांडी गावचा कोळी गडी. बोलणं मोठ्यानं, एका होडीतून दुसरीत हाक मारावी तसं. वजन उतरवायला सहा दिवस काकडी आणि उकडलेले मूग. रविवार त्याचा चीट डे. त्या दिवशी घरचा खारवलेला बांगडा, सुक्या बोंबलाची चटणी आणि भात, पोटाला तडस लागेपर्यंत. "एक दिस सूट असली की बाकीचे दिस निभतात," असं तो मलाच समजवायचा.

सोमवारी काटा दोन किलोनं चढलेला असायचा. "अरे, खारं खाल्लंस, त्यानं अंगात पाणी धरलंय. दोन दिवसांत उतरेल," मी सांगायचो.

"तुमाला नाय समजायचं," म्हणत तो स्वतःला शिक्षा म्हणून मूगही बंद करायचा.

परवा गुरुवारी तो काट्याशेजारीच कोसळला. ओठ पांढरे, हात गार. मी साखरपाण्याचा पेला त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं मान फिरवली आणि कधी नव्हे इतक्या हळू विचारलं, "आज रविवार हाय का?"

मी हो म्हणालो. तेव्हा कुठे त्यानं तोंड उघडलं.