वाकड ते चाकण, डिकीत वॉफलचा साचा घेऊन

"हे घरी होतं का?"

वाकडच्या मॉलमध्ये वॉफलचा शेवटचा तुकडा तोंडात टाकताना गार्गीने विचारलं, आणि मी ठोकून दिलं, "होतं की! मी करून घालीन तुला. असंच कुरकुरीत, आतून असंच हलकं." जन्मात कधी वॉफल केलं नव्हतं. पण आमच्या दोन भेटींतलं तिचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं हो, त्याला नाही कसं म्हणणार?

गार्गी नऊ वर्षांची, महेशची मुलगी. महेश चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, मूळ लातूरकडचा. गार्गीची आई आजारपणात गेली त्याला तीन वर्षं झाली. मी वाकडला आयटीत, सदतिशी गाठलेली, एकटी राहणारी. आमचं दोघांचं जमलंय, पण महेशने सुरुवातीलाच सांगितलं होतं, "गार्गी हो म्हणाली तरच लग्न." मला ते शंभर टक्के पटलं होतं.

तर हे प्रवासवर्णन वाकड ते चाकण एवढंच आहे. हसू नका. हिमालयात जाऊन आलेय मी, पण इतकी धाकधूक तिथेही झाली नव्हती.

जायचा वार ठरला गुरुवार, कारण महेशच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. आदल्या संध्याकाळी थेरगावला डांगे चौकात गेले. तिथे बेकिंगच्या सामानाचं एक चिंचोळं दुकान आहे. विजेवरचा वॉफल मेकर घेणार होते, पण दुकानदारच म्हणाले, "ताई, चाकणला नेताय ना? गुरुवारी तिकडे लाइटचा भरवसा नाही. हा गॅसवरचा घ्या, लोखंडी. उलटायचा, पालटायचा, झालं काम!" दोन जड पाट्या, मध्ये बिजागरी, चौकटी-चौकटीची नक्षी. साच्याचं वजन पाहून खांदा म्हणाला, बाई, रिक्षा कर.

गुरुवारी पहाटे उठून अंडी फेटून आठ वॉफल केली. पहिली दोन साच्याला चिकटली, ती माझ्याच पोटात गेली. बाकीची मात्र काय सुरेख झाली! कुरकुरीत, सोनेरी. मग मी काय केलं? जे माझ्या आईने, मावशीने, आत्याने आयुष्यभर केलं तेच. गरमागरम वॉफल सुती फडक्यात गुंडाळली, पोळ्यांच्या डब्यात रचली आणि झाकण घट्ट लावलं. वर स्वतःवरच खूश झाले.

रस्त्याबद्दल, जाणार असाल तर. वाकडहून काळेवाडी फाट्यावरून नाशिक फाटा, मग भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल आणि सरळ चाकण. स्कूटरने जायचं तर सकाळी लवकर निघा आणि शक्यतो गुरुवारीच, कारण बऱ्याच कंपन्या बंद असल्याने कंपनीच्या बसेस कमी असतात. तरी कंटेनर असतातच. नव्याकोऱ्या गाड्या पोटात घेऊन जाणाऱ्या त्या लांबलचक धुडांच्या शेजारून जाताना मी देवाचं नाव घेते, लाजायचं काय त्यात. मोशीला मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत, पाव ताजा, सत्तर रुपयांत पोट गच्च. वाढणाऱ्या भाऊंनी विचारलं, "मॅडम, एवढ्या उन्हाचं कुठं?" म्हटलं, "परीक्षेला." ते म्हणाले, "मग ताक घ्या अजून एक, डोकं शांत राहतं." ताकाचे पैसे लावले नाहीत त्यांनी. मे महिन्यात या रस्त्यावर ताकाला पर्याय नाही.

चाकणला महेशचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं ते त्याच्या आईने. "आलीस का गं? बस की आधी. घामानं निथळाय लागलीस." मागे गार्गी, दोन वेण्या, हात पाठीमागे. मी डबा पुढे केला. तिने झाकण काढलं, फडकं उलगडलं आणि वॉफल बोटाने उचललं. ते मधोमध लोंबलं.

"कुरकुरीत नाहीये," गार्गी म्हणाली.

आजींनी डोकावून पाहिलं. "अगं बाई! पोळ्यागत बांधून आणलीस व्हय?" आणि पदर तोंडाला लावून जे हसायला लागल्या! महेशही हसला. वाफ डब्यातच कोंडली होती, वर मे महिना आणि डिकी. मीही हसले, पण खरं सांगू? रडू येत होतं.

"थांबा," मी म्हणाले, "साचा आणलाय, अंडी आणलीत. इथेच ताजी करू."

गार्गीचा चेहरा एकदम बदलला. "आज गुरुवार आहे. आई गुरुवारी अंडं घरात आणायची नाही." आणि ती आत निघून गेली.

महेश ओशाळला. "माझंच चुकलं, मी सांगायला हवं होतं. आम्ही बाहेर कधीही खातो गं, पण घरात गुरुवार ती पाळते. तिच्या आईचा म्हणून." मी अंडी पिशवीसकट शेजारच्या काकूंकडे नेऊन दिली. डब्यातली वॉफलंही त्यांनाच दिली. त्यांच्या पोरांनी मऊ असूनही फस्त केली, देव त्यांचं भलं करो.

मग आतल्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाले, "गार्गी, अंडं घराबाहेर गेलं. पण त्याच्याशिवाय हे फुलवायचं कसं ते मला माहीत नाही. मॉलमध्ये मी तुला थाप मारली होती. आज सकाळपर्यंत मी कधीच वॉफल केलं नव्हतं."

ती दारापर्यंत आली. मग म्हणाली, "आजी ढोकळ्याला दही आणि सोडा घालते. तो फुगतो."

झालं, स्वयंपाकघर आमच्या ताब्यात! दीड वाटी मैदा, अर्धी वाटी तांदळाचं पीठ. तांदळाचं पीठ आजींचं डोकं, "भज्यांना घालते की मी, कडक व्हतेत." दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, वाटीभर आंबट दही, लागेल तसं दूध, पातळ केलेलं लोणी चार चमचे. शेवटी पाव चमचा खायचा सोडा. आजी सवयीने पीठ फेसायला लागल्या, तशी मी त्यांचा हात धरला. मैदा फार घोटला की वॉफल चामट होतं, थोड्या गुठळ्या राहू द्यायच्या. "आळशी बाईचा पदार्थ हाय म्हण की," आजी म्हणाल्या. म्हटलं, "म्हणून तर मला जमेल."

साचा दोन्ही बाजूंनी सणसणीत तापवला, तेलाचा हात फिरवला. पहिलं वॉफल फाटलं, कारण आजींनी थालीपीठ झालं का बघावं तसं मधेच उघडून पाहिलं. दुसरं मी उघडलं. तेही फाटलं. मला अजिबात धीर नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. मग गार्गीने ओट्यापाशी स्टूल ओढलं आणि हुकूम सोडला, "आता कुणी हात लावायचा नाही. वाफ यायची थांबली की मी सांगते."

आम्ही तिघं मोठी माणसं हात मागे बांधून उभी. साच्याच्या फटीतून वाफ येत होती. मग कमी झाली. मग थांबली.

"आता!"

सोनेरी, अख्खं, चौकट अन् चौकट उठलेली. ताटलीत ठेवणार, तेवढ्यात गार्गी म्हणाली, "खालून ओलं होईल ना," आणि पापड भाजायची जाळी घेऊन आली. जाळीवर दोन मिनिटं वारा लागला आणि त्याला असा कडकपणा आला की मोडताना आवाज झाला. आतून मात्र जाळीदार, हलकं.

पहिला तुकडा तिने खाल्ला नाही. छोट्या ताटलीत ठेवला, वर थोडा मध घातला आणि हॉलमधल्या आईच्या फोटोपुढे नेऊन ठेवला. आम्ही सगळे तिच्यामागे उभे राहिलो. मी तिथे उभं राहावं की नाही तेही कळेना. मी दोन पावलं मागे सरकले, तशी गार्गी वळून म्हणाली, "आईला सांगा ना, कसं केलं ते. मला सोड्याचं माप माहीत नाही."

मी हात जोडले आणि फोटोला सगळी कृती सांगितली. दह्यापासून जाळीपर्यंत.

मग सगळ्यांनी खाल्ली. महेशने पाच खाल्ली, लाज सोडून. आजींनी लोणच्याबरोबर खाल्लं आणि हेच बरं लागतं म्हणाल्या. लग्नाचा विषय कुणीच काढला नाही. निघताना गार्गी खाली आली नाही, गॅलरीतून बघत होती. मी हात केला. तिने केला नाही.

परतीला मोशीच्या पुढे ट्रॅफिक तुंबलेला. हेल्मेटच्या आत मी रडत होते, शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, निघंल हो ट्रॅफिक, एवढं काय मनाला लावून घेता!"

घरी येऊन हातपाय धुतले, साचा पुसला, त्याला तेल लावलं. त्या साच्यावर माझा खूप जीव जडलाय. चहा ठेवला तेवढ्यात महेशचा फोन आला. पलीकडे गार्गी होती.

"पोचलात का?"

"पोचले गं."

"मी बाबांना हो सांगितलं. पण आईचं कपाट आहे ना आतल्या खोलीत, ते तुम्ही उघडायचं नाही. बाबांनी पण नाही. त्यात तिच्या साड्या आहेत."

"नाही उघडणार. कधीच नाही."

"कधीच नाही, असं नाही," ती म्हणाली. "आपण दोघी उघडू. पण मी म्हणेन तेव्हा."