चुन्यापुरती ओळख

"आक्का, चुना हाय का वाईच?"

डावा तळहात पुढे, त्यावर तंबाखूची चिमूट, आणि उजव्या हाताचा अंगठा मळायला तयार. रोज साडेदहाच्या सुमाराला हा माणूस माझ्या भाजीच्या पाट्यांपुढे असा येऊन उभा राहायचा. तंबाखू त्याची स्वतःची, कापडी चंचीत नीट बांधलेली. चुना मात्र कधीच नसायचा.

तंबाखू खाणारे तुम्हीही बघितले असतील. कधी कुणी तंबाखू विसरतो, कधी कुणी चुना विसरतो. त्यात काही विशेष नाही. पण वर्षानुवर्षं, दिवसातून चार वेळा, फक्त चुनाच विसरणारा माणूस मी हा एकच बघितला.

नाव सांगत नाही. मंगळवार पेठेत माझी भाजीची जागा आहे तिथून दोन गल्ल्या सोडून तो राहायचा. आयुष्यभर फाउंड्रीत वाळूचे साचे केले. बायको वारली, मुलगा पुण्याला नोकरीला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला तो म्हणते. समोर मात्र तुम्ही म्हणायचे.

मी त्याला नावं ठेवायला बसलेली नाही. मी स्वतः मिश्री लावते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि बोटानं दातांना घासत बसायचं. सुनेला तो वास सोसत नाही, म्हणून सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत इथं जागेवरच लावते. दुपारी जेवणावर पान खाते, त्यामुळे माझ्याकडे चुन्याची डबी असायचीच. व्यसनाला व्यसन कसं बोलणार?

त्याचा दिवस चुन्यावर आखलेला होता. सकाळी तालमीजवळचा शिंपी, साडेदहाला मी, दुपारी पानपट्टी, संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसणारे पेन्शनर. जिथला चुना, तिथं पंधरा-वीस मिनिटं बैठक. आधी मळायचा. सावकाश, अंगठा तळहातावर गोल फिरवत, साच्यातली वाळू दाबावी तसा. मग दोन थापा मारायचा. भुकटी उडायची आणि माझी शिंक ठरलेली. मग चिमूट माझ्यापुढे धरायचा.

"घ्या आक्का."

"मी खात न्हाय, रोज सांगते न्हवं?"

"चुना तुमचा, पयली चिमूट तुमची. रीत हाय."

मी रोज नको म्हणायचे आणि तो रोज पुढे करायचा. मग ती खालच्या ओठात ठेवायचा, हनुवटी वर करायचा आणि आभाळाशी बोलल्यासारखा बातम्या सांगायचा. शिंप्याच्या मुलीला बघायला पाव्हणे येऊन गेले. अमक्याची म्हैस गाभण आहे. पाणी उद्या उशिरा येणार. शिंप्याकडची बातमी मला, माझ्याकडची पानपट्टीवर. पेठेत काय चाललंय ते मला जागा न सोडता कळायचं.

शिंपी तोंडाचा फटकळ. एकदा माझ्यादेखत त्याला म्हणाला, "जलमभर साचं केलंसा, एक चुन्याची डबी न्हाय व्हय करता आली?"

"राहिलंच बगा," तो म्हणाला.

हे त्याचं ठरलेलं उत्तर. कौलं गळत्यात ते घरमालकाला सांगितलंसा का? राहिलंच बगा. पोराकडं पुण्याला जाऊन आलासा का? राहिलंच बगा. बायकोचा फोटो मोठा करून घेणार होता, तोही राहिला.

मग कोरोना आला. तो गेल्यावरही माणसं एकमेकांच्या बोटाला बोट लावेनात. पूर्वी चुना बोटावरच घ्यायचा असायचा. पायरीवरचे पेन्शनर म्हणू लागले, "लांबनं, लांबनं." त्यातले दोघे परत पायरीवर आलेच नाहीत. पानपट्टीवर पोरं मावा घेऊन जायची, प्लास्टिकात घोळून मिळतो तो. त्यात सगळं आधीच घातलेलं. ती पोरं गाडीवरून उतरतसुद्धा नाहीत. एकानं ह्याला सांगितलं, "काका, चुन्याची ट्यूब मिळती की, घ्या."

"ट्यूबचा चुना झोंबतो," हा म्हणाला.

शिंप्याकडेही त्याचं जाणं बंद झालं. का, ते मी विचारलं नाही. मग तो माझ्याकडे दोनदा यायला लागला. पुढे तीनदा.

आता माझी गोष्ट सांगते. लपवायचं कशाला.

माघात माझ्या लक्षात आलं की हा चिमूट उजवीकडे ठेवतोय. पूर्वी डावीकडे ठेवायचा. मी म्हटलं, "बाजू का बदललीसा?"

"फोड आलाय. जाईल."

"दवाखान्यात दाखवा."

"व्हय व्हय."

दुसऱ्या दिवशी विचारलं, दाखवलं का? राहिलंच बगा. तिसऱ्या दिवशी तेच. मी रोज विचारायचे आणि तो रोज तेच सांगायचा. तरी पाठ सोडणारी नाही मी. असंच चालू राहतं तर एक दिवस मी त्याला हाताला धरून नेलंच असतं.

पण झालं वेगळंच. एका रविवारी माझ्याकडे गर्दी होती. फ्लॅटमधली एक बाई मेथी निवडत उभी होती, चांगली चार-पाच भाज्या नेणारी. हा आला, बाजूला उभं राहून मळायला लागला आणि दोन थापा मारल्या. बाईला शिंकांवर शिंका आल्या. नाकाला पदर लावून, पिशवी रिकामीच घेऊन ती निघून गेली. मला राग आला. तोंडानं काही बोलले नाही, पण मनात म्हटलं, ह्या माणसाकडे आयुष्यात एक डबी असू नये?

चैत्रात जोतिबाला गेले तेव्हा तिथल्या दुकानात पितळेची डबी बघितली. दोन्ही बाजूंनी उघडणारी, एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना. घेतली. घरी आणून चुन्याच्या बाजूला ताजा चुना भरला. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्यानं विचारायच्या आत पुढे केली.

"घ्या. आता कुणापुढं हात पसरायला नगं."

त्यानं डबी घेतली. एक झाकण उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं, चुना बघितला, मिटलं. म्हणाला, "बरं केलंसा आक्का." त्या दिवशी मळलीच नाही. थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

मला वाटलं, आपण पुण्याचं काम केलं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आठवडा गेला, महिना गेला. दोनदा समोरच्या बाजूनं जाताना दिसला. मी हाक मारली तर हात वर केला आणि चालत राहिला. मला वाईट नाही वाटलं, राग आला. डबी मिळाली, काम झालं, आता म्हातारीशी काय काम? माणसाची जात अशीच, असं म्हणून मी कोथिंबिरीवर पाणी मारत बसले. साडेदहाला मान मात्र वर व्हायची. सवय वाईट असते, तंबाखूची काय नि माणसाची काय.

श्रावणात त्याच्या शेजारची बाई भाजीला आली. सहज म्हणाली, "म्हातारा हल्ली भाईरच पडत न्हाय. भाकरी पाण्यात भिजवून खातोय."

मी पाट्यांवर पोतं टाकलं आणि गेले.

एकच खोली. तो खाटेवर बसलेला. उजवा गाल आत गेलेला, डावा मात्र सुजलेला. मला बघून उठायला लागला, मी बसवला. उशाला माझी डबी होती. आणि भिंतीतल्या फळीवर आणखी डब्या ओळीनं ठेवलेल्या. ॲल्युमिनियमची, स्टीलची, एक प्लास्टिकची, एक चांगली नक्षीची. मी मोजल्या, माझी धरून पाच.

"ह्या कुणाच्या?"

तो एकेक दाखवत गेला. बोलताना तोंड बोटभरच उघडत होतं. "ही फाउंड्रीतल्या गड्यांनी दिली. ही पायरीवरच्या मास्तरांनी. ही पानपट्टीवाल्यानं. ही शिंप्यानं, परवाच्या दिवाळीत."

"एवढ्या डब्या असताना चुना मागत हिंडत हुतासा?"

"घरात चुना असला तर मग भाईर कशाला पडू आक्का?"

मी नक्षीची डबी उचलून बघितली, परत फळीवर ठेवली.

"मग डबी दिली तरी यायचं की," मी म्हटलं.

"डबी दिली त्या माणसाकडं परत कुठल्या तोंडानं मागू?"

म्हणजे पेठेतल्या एकेका माणसानं चांगल्या मनानं त्याला डबी दिली होती, आणि एकेक दार त्याला बंद झालं होतं. शेवटचं दार मी बंद केलं. आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. पूर्वी चुन्यासाठी चार ठिकाणी चालत जायचा, म्हणून चार वेळा खायचा. आता डबी उशाला. उठला की चिमूट, बसला की चिमूट, झोप येईना की चिमूट. विचारायला कुणी नाही, थांबवायला कुणी नाही. तोंडात काय झालंय ते बघायलाही कुणी नाही.

"आ करा," मी म्हटलं. त्याला करता येईना. खिडकीपाशी नेऊन जेवढं दिसलं तेवढं बघितलं. सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाजी लावली नाही. रिक्षा केली आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरणी होती, शांत होती. तिनं तुकडा काढून तपासायला पाठवला. तंबाखू आजपासून बंद म्हणाली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, मुलाला बोलावून घ्या." त्यावरूनच मला कळलं. त्याच्या घरमालकाला सांगून मुलाला निरोप धाडला.

रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागणार होते. दवाखान्यातून परत येताना रिक्षात मी त्याला म्हटलं, "उद्यापास्नं येऊन बसायचं. साडेदहाला."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? बसायला."

आला. हातात काही नाही, तोंडात काही नाही. पोत्यावर बसला. पहिल्या दिवशी फार अवघडला. काही न मागता माणसापाशी कसं बसायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं. अंगठा सारखा रिकाम्या तळहातावर फिरायचा. मला ते बघवेना, म्हणून वाटाण्याची पाटी त्याच्या पुढ्यात सरकवली. सोला म्हटलं. सोलायला लागला. दाणे फार नीट काढायचा, एक फुटला नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "आज्जी, गडी ठेवला व्हय?" मी म्हटलं, "व्हय, लई महागाचा हाय." तो हसला. हसताना दुखलं, म्हणून गालावर हात धरला.

असे नऊ दिवस. बोलणं फारसं नव्हतं, त्याला बोलवत नव्हतं. मीच बातम्या सांगायचे. माझ्याकडे कुठल्या असणार? ज्या होत्या त्या सांगितल्या, नव्हत्या त्या रचल्या. त्याला कळायचं. एकदा म्हणाला, "ही खोटी हाय." मी म्हटलं, "ऐका गप."

शेवटच्या दिवशी मी विचारलं, "माझ्यावर राग हाय?"

त्यानं एक शेंग सोलून संपवली. मग म्हणाला, "डबी चांगली हुती आक्का."

राग आहे असंही नाही, नाही असंही नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

दहाव्या दिवशी मुलगा आला, दवाखान्यातून रिपोर्ट घेतला आणि गाडीतून त्याला पुण्याला घेऊन गेला. मी जागेवर होते. मला नंतर शेजारणीनं सांगितलं.

मी काही डबीनं माणूस आजारी पडला असं म्हणत नाही. तंबाखूनं पडला. चाळीस वर्षं खाल्ली होती, फोड माघातच होता. पण चैत्र ते श्रावण रोज मी त्याचं तोंड बघितलं असतं. ते बघायचं मी माझ्या हातानं बंद केलं, आणि वर त्यालाच नावं ठेवली. हे असं आहे. गोड करून सांगता येत नाही.

दिवाळी झाली. खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. घरमालकाकडून मी मुलाचा नंबर मिळवला आणि शेजारच्या दुकानातल्या पोरीला लावायला सांगितला. मुलानं उचलला.

"कोण बोलतंय?"

काय सांगू? बहीण नव्हे, भावजय नव्हे, नात्यातली नव्हे. त्याच्या बापाला मी चुना द्यायचे, हे काय सांगण्यासारखं आहे? मी म्हटलं, "मंगळवार पेठेतली भाजीवाली."

"भाजी नको आम्हाला," तो म्हणाला. माणूस वाईट नसावा, कामात असावा.

फोन बंद व्हायच्या आधी मागं कुणीतरी खाकरलं. लांबून, खोलीच्या पलीकडून खाकरावं तसं. म्हातारी माणसं सगळी तशीच खाकरतात. त्याचंच असेल असं काही नाही. घरात दुसरं कुणी म्हातारं असेल, टीव्ही असेल.

पोरगी म्हणाली, "परत लावू काय आज्जी?"

"नगं," मी म्हटलं. "पर नंबर खोडू नगंस."